‘सी’मध्ये काही नाही

भाऊबीजेला आईला घेऊन कराडला गेलो होतो. तारीख ३ नोव्हेंबर २०२४. ओवाळणं झालं, फराळाची ताटं आली आणि मामा म्हणाले, "जेवण झालं की जरा वर ये. लॅपटॉप उद्या दुकानात टाकतोय, एसएसडी बसवायला. त्याआधी तू एकदा नजर टाक." (एसएसडी म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क.)

मामांचा व्यवसाय डीटीपीचा. घराच्या वरच्या खोलीत एक टेबल, एक लेझर प्रिंटर, ट्रेसिंग पेपरची रिमं आणि हा लॅपटॉप. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं. इथे मजकूर लावायचा, प्रूफ तपासून घ्यायचं, ट्रेसिंग काढून ऑफसेटवाल्याकडे पाठवायचं. त्या पंधरवड्यात तर दोन हंगाम एकमेकांवर आले होते. १३ तारखेला तुळशीचं लग्न, म्हणजे पत्रिकांची रांग लागणार. आणि २० तारखेला विधानसभेचं मतदान, म्हणजे पत्रकंच पत्रकं. अशा वेळी यंत्र दोन दिवस बंद राहणं परवडणारं नव्हतं, आणि आहे तसं चालवणंही अशक्य झालं होतं.

लॅपटॉप २०१४ चा. १५.६ इंची पडदा, चौथ्या पिढीचा कोअर आय३-४००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यात विंडोज ८.१ होतं, पुढे फुकट अपग्रेडच्या काळात विंडोज १० झालं. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे कायम चार्जर लावून चालतो. मी मोबाइलवर वेळ लावली: बटण दाबल्यापासून हातात येईपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद. पेजमेकर, म्हणजे पानं लावायचा प्रोग्राम, उघडायला आणखी दीड मिनिट. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी.

दुकानदाराने मामांना सांगितलेलं असं: डिस्क काढतो, एसएसडी घालतो, सी ड्राइव्हवर विंडोज नव्याने टाकतो, डी ड्राइव्हचा डेटा कॉपी करून देतो, तासाभराचं काम. त्याने प्रश्न एकच विचारला होता, "सीमध्ये काही नाही ना?" आणि मामांनी आत्मविश्वासाने उत्तर दिलं होतं, "काही नाही. सगळी कामं डीमध्ये."

या प्रकरणाचं मर्म मला तरी त्या प्रश्नोत्तरात दिसतं. दुकानदाराचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक गिऱ्हाइकांचं उत्तर तेच असतं आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. पण मामांचं बिघडलं असतं.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ साली आली आणि अडोबीने २००४ मध्ये तिचा पुढचा विकास थांबवला. तरी छोट्या गावांतल्या डीटीपीवाल्यांकडे ती आजही चालते, कारण त्यांची वीस वर्षांची कामं तिच्यात आहेत आणि त्या कामांतलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षर-आकड्यांत, नाही. युनिकोड घरोघर पोचण्याआधीच्या फॉन्टची रचना अशी, की फाइलमध्ये ‘क’ म्हणून काही साठवलेलंच नसतं. साठवलेले असतात ते इंग्रजी कळांचे आकडे. त्या आकड्यांच्या जागी ‘क’चं चित्र दाखवायचं काम फॉन्टचं. कुठल्या आकड्याला कुठलं चित्र, हे प्रत्येक फॉन्ट-कंपनीचं वेगळं. सी-डॅकच्या ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’मध्ये लावलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला तर मराठी दिसेल, पण वाचता येणार नाही. आणि फॉन्टच नसेल तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी दिसते. पेजमेकर फाइलमध्ये फॉन्टचं नाव ठेवतो, फॉन्ट नाही.

हे सगळे फॉन्ट असतात विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर. मामांकडे १,४०० च्या वर होते. काही विकत घेतलेल्या संचांतले, काही वीस वर्षांत मित्रांकडून, प्रेसवाल्यांकडून, कुणाकुणाच्या सीडीवरून आलेले. त्याशिवाय टायपिंगचा कीबोर्ड-प्रोग्राम, त्यातली मामांनी बोटांना सोयीची करून घेतलेली कळांची मांडणी, फॉन्ट-सॉफ्टवेअरची नोंदणी, प्रिंटरचं ट्रेसिंगसाठी जुळवलेलं सेटिंग, पेजमेकरमध्ये ठरवलेल्या स्टाइल. डीमधली हरेक फाइल वाचता येण्यासाठी लागणारी किल्ली सीमध्ये होती, आणि मामांच्या लेखी सीमध्ये काही नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मामा, त्या नोंदणीचा कोड कुठे लिहून ठेवलाय?" ते म्हणाले, "ज्याच्याकडून घेतलं तो माणूस गेला रे चार वर्षांपूर्वी."

म्हणजे नव्याने विंडोज टाकणं बाद. जशीच्या तशी नक्कल उतरवायची, म्हणजे क्लोन करायचं. एसएसडी यूएसबी केबलला लावायची, क्लोनिंगचा प्रोग्राम चालवायचा, मग अदलाबदल. तीन तास, चिवडा खात. मी असंच धरून चाललो होतो, पण आधी डिस्कची तब्येत बघावी म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं आणि खिडकी पिवळी, म्हणजे धोक्याची सूचना देणारी आली.

हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतः ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात मी तीन ओळी आधी बघतो. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे जागेचे छोटे तुकडे). सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल प्रलंबित असलेले सेक्टर. सी७ म्हणजे केबलमधली गडबड. मामांच्या डिस्कवर ०५ मध्ये २ए, सी५ मध्ये डी८, सी७ मध्ये शून्य. हे आकडे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत लिहिलेले असतात (त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं), त्यामुळे पटकन लक्षात येत नाहीत. साध्या भाषेत ४२ सेक्टर आधीच हलवलेले आणि २१६ वाचता येत नाहीत. सी७ शून्य असल्यामुळे दोष जोडणीचा नाही, डिस्कचाच. वय झालेलं, दहा वर्षं रोज आठ-दहा तास फिरलेली डिस्क होती. कंपनीला नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

संथपणाचं अर्धं कोडं इथे सुटलं. फिरत्या डिस्कचा मूळचा संथपणा निराळा. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य रुळावर जायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या जागी वाचायचं तर सेकंदाला साठेक ठिकाणं, बस. १,४०० फॉन्ट म्हणजे १,४०० फाइली, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी पडलेली. प्रत्येकीच्या दारात एकदाच जायचं म्हटलं तरी वीस-पंचवीस सेकंद. एसएसडीमध्ये डोकंच नाही, फिरणं नाही. कुठल्याही जागेचं वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडीने जीव येतो. कॉपीचा वेग पाचपट होतो हे खरं, पण फरक जाणवतो तो या लहानसहान फेऱ्यांमध्ये.

उरलेला अर्धा संथपणा दुखण्याचा. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर अडली की घरगुती डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कित्येक सेकंद. तेवढा वेळ सगळी विंडोज दारात उभी.

अशा डिस्कवर नेहमीचा क्लोनिंग प्रोग्राम चालवणं धोक्याचं. काही प्रोग्राम पहिल्या खराब सेक्टरवर थांबतात, काही तिथेच डोकं आपटत बसतात. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन, चालवणं त्याहून वाईट. मरणासन्न डिस्कवर ते चालवलं की ती आणखी दमते, शिवाय फाइलींची यादी ‘दुरुस्त’ करण्याच्या नादात ते अर्ध्या फाइली तोडून ठेवू शकतं. मामांच्या दुकानदाराने डी ड्राइव्ह साध्या कॉपीने उतरवायला घेतला असता तर तोही मध्येच अडला असता, कारण सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. मामांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्पच झाले. त्यांची इतकी वर्षांची समजूत होती की काही झालं तर सी जाईल, डी सुरक्षित राहील.

माझ्या पिशवीत १ टीबीची बाहेरची डिस्क आणि दोन पेनड्राइव्ह होते. (दिवाळीला नातेवाइकांकडे जाताना हे सामान घेऊनच निघावं लागतं, हे अनुभवाने शिकलोय.) एका पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू हे छोटं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी यंत्रणा. आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, नाहीतर बंद करताना ती पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी यंत्रणा सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद केलं आणि पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उठवला. जुनी डिस्क मुद्दाम आतच राहू दिली. आजारी डिस्क यूएसबीच्या केबलवर लावली की एखाद्या सेक्टरवर अडताच जोडणीच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. आतल्या साटा जोडणीवर (डिस्क मदरबोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत) ती जास्त टिकते.

काम जीएनयू डीडीरेस्क्यूचं. याची खुबी अशी की तो हट्ट करत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडलं की उडी मारून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला तरी नकाशा बघून तिथूनच पुढे सुरू. (बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर आणि कराडच्या विजेवर हे फार दिलासा देणारं होतं.) सगळं सोपं उचलून झालं की मग राहिलेल्या तुकड्यांच्या कडा कुरतडतो, आणि शेवटी सांगाल तितक्या वेळा खराब जागा पुन्हा वाचून बघतो. डिस्क मध्येच मेली तरी बहुतांश माल आधीच बाहेर पडलेला असतो.

पूर्ण डिस्कची एक प्रतिमा-फाइल, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली, रात्री पावणेदहाला. सुरुवातीला वेग सेकंदाला ९० एमबी. २१० जीबीच्या आसपास वेग कोसळला, काही एमबीपर्यंत आला, मग डीडीरेस्क्यूने उड्या मारल्या आणि पुन्हा सावरला. मामा दर अर्ध्या तासाने वर येऊन विचारत, "किती राहिलं?" शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, झोपू द्या त्याला." सकाळी सहाला बघितलं तर ४ एमबीच्या आसपास शिल्लक होतं. तीन फेऱ्या आणखी मारल्या. साडेआठला उरलं ६०८ केबी. ५०० जीबीतले ६०८ केबी. पुढे रेटण्यात अर्थ नव्हता.

पण कुठले ६०८ केबी? ते रिकाम्या जागेतले असतील तर प्रश्नच नाही. फॉन्टमधले असतील तर एखाद्या लग्नात ‘चि. सौ. कां.’ची जागा रिकामी राहील. यासाठी डीडीरेस्क्यूमध्येच एक युक्ती आहे. नकाशा देऊन प्रतिमेतल्या फक्त न वाचलेल्या जागा एखाद्या ठरावीक मजकुराने भरायला सांगायच्या, मग प्रतिमा वाचनापुरती जोडायची आणि तो मजकूर कुठल्या फाइलींमध्ये सापडतो ते शोधायचं. शोधायला दोनेक तास लागले. निघाल्या तीन फाइली. विंडोज अपडेटच्या तात्पुरत्या साठ्यातली एक, तिची गरजच नव्हती. मामेबहिणीच्या बारशाचा एक फोटो, तो मामींच्या फोनमध्येही होता. आणि २०१७ ची एका गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकाची पेजमेकर फाइल. मामांना नाव सांगितलं. "ते मंडळ फुटलं रे पुढच्याच वर्षी. जाऊ दे." शोध झाल्यावर त्या जागा शून्यांनी भरून टाकल्या.

या दरम्यान मामेभाऊ कराडात एसएसडी आणायला गेला होता. त्याला मी सांगितलं होतं: अडीच इंची, साटाची, ५०० जीबी. त्याचा दुकानातून फोन, "दादा, ५०० नाहीये. ४८० आहे, २४० आहे. आणि हा एक छोटा पट्टीसारखा आहे ५०० चा, तो जास्त फास्ट आहे म्हणतोय."

पट्टी म्हणजे एनव्हीएमई. या लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी खाचच नाही, त्यामुळे वेग कितीही असो, मामांच्या काय कामाचा. लॅपटॉपची जोडणी तिसऱ्या पिढीची साटा, सेकंदाला ६ गिगाबिट; एन्कोडिंगचा वाटा वजा जाता ६०० एमबी, प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास. तेवढा वेग साधी साटा एसएसडी देते.

प्रश्न ४८० चा होता. मामांची डिस्क जेमतेम निम्मी भरलेली, त्यामुळे जागा पुरली असती. पण माझ्याकडे होती ती सेक्टरवार प्रतिमा. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात आणि ४८० च्या डिस्कवर ९३,७७,०३,०८८. कंपनी कुठलीही असो, हे आकडे ठरलेल्या सूत्राने येतात. म्हणजे ४८० वर उतरवायचं तर २० जीबी कमी पडणार. आधी डीचा कप्पा आकसायचा, मागचे रिकव्हरीचे कप्पे पुढे सरकवायचे, जीपीटी पद्धतीत कप्प्यांच्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांत असते ती पुन्हा बांधायची. अशक्य काही नाही. पण हे सगळं नुकत्याच वाचवलेल्या, एकुलत्या एक प्रतीवर करायचं, आणि तेही निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस. ५०० वर काहीच करावं लागत नाही. पहिला सेक्टर पहिल्यावर, शेवटचा शेवटच्यावर. दोनतीनशे रुपयांच्या फरकासाठी हात दाखवून अवलक्षण कशाला? मामेभावाचा एक मित्र संध्याकाळी कोल्हापूरहून येणार होता. त्याला सांगितलं. चार हजारांच्या आत ५०० ची क्रुशिअल एमएक्स ५०० आली.

तिच्यावर १८० टीबी लिखाणाची हमी आहे. मामेभाऊ म्हणाला, एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे. झिजते. मामांचं दिवसाचं लिखाण, विंडोजची स्वतःची खुडबुड धरून, १० जीबी मानलं तरी १८० टीबी संपायला १८,००० दिवस, म्हणजे ४९ वर्षं. लॅपटॉपची बिजागरी त्याच्या कितीतरी आधी जाईल.

बसवण्याचं काम सगळ्यात सोपं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. बॅटरी काढली, चार्जर काढला, बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. या लॅपटॉपला खाली दोन स्क्रूंचं दार आहे, ते उघडलं की रॅम आणि डिस्क समोर. (२०१५-१६ नंतरच्या कित्येक लॅपटॉपांना हे दार नसतं, सगळा तळ उचकटावा लागतो आणि प्लॅस्टिकच्या कड्या मोडतात.) डिस्क वर न उचलता आडवी मागे सरकवायची, कारण २२ पिनांची जोडणी तिच्या टोकाला आहे. पत्र्याच्या चौकटीचे चार स्क्रू काढून चौकट नव्या डिस्कला लावली. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड, नवी ७. पण स्क्रू बाजूने लागतात आणि जोडणीची उंची तळापासून सारखीच, त्यामुळे मधली फट भरायला पट्टी लागली नाही. दहा वर्षांची धूळ पंख्यातून ब्रशने काढली. तेवढ्यात मामींनी विचारलं, "हे एवढंसंच होतं होय?"

रॅमची दुसरी खाच रिकामी दिसली, पण त्या दिवशी हात लावला नाही. महिन्याने ४ जीबीची जुनी पट्टी घातली. या पिढीला कमी व्होल्टची, डीडीआर३एल, लागते. नुसती डीडीआर३ खाचेत बसते, पण लॅपटॉप उठत नाही. आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, हा माझा जुना हट्ट. काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही.

पुन्हा पेनड्राइव्हवरून लिनक्स, आणि प्रतिमा उलट दिशेने एसएसडीवर. बाहेरची डिस्कच फिरती असल्यामुळे वेग शंभराच्या आसपास, दीड तास लागला. मग पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. आधीच्या ४ मिनिटं १० सेकंदांच्या जागी २८ सेकंद. विंडोजला डिस्क बदलल्याचा पत्ताच नाही. तिचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो.

मामांनी आधी पेजमेकर उघडला, अकरा सेकंद. मग २००९ सालची एक पत्रिका उघडली. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. ‘श्री गजानन प्रसन्न’ जसंच्या तसं.

फॉन्ट-सॉफ्टवेअरची नोंदणी टिकली, आणि त्यात नशिबाचाही भाग आहे. काही जुने प्रोग्राम नोंदणी कप्प्याच्या क्रमांकाशी बांधतात. तो क्रमांक फाइल-यंत्रणेत लिहिलेला असतो, त्यामुळे सेक्टरवार नकलेत सोबत येतो. काही मात्र डिस्कच्या कारखान्यातल्या क्रमांकाशी बांधतात, तो क्रमांक नकलेत येत नाही, आणि मग विकणाऱ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. काहींना यूएसबीचं कुलूप असतं, त्यांना डिस्कशी घेणंदेणं नाही. मामांचं पहिल्या प्रकारातलं निघालं. ते आधी कळायला मार्ग नव्हता. म्हणून जुनी डिस्क मी महिनाभर हातात ठेवली होती. अगदीच अडलं असतं तर ती पुन्हा लावून विक्रेत्याचा माग काढता आला असता.

दोन कामं राहिली होती. एक, फाइल-यंत्रणेची तपासणी. आता डिस्क धडधाकट होती, त्यामुळे चेकडिस्क निर्धास्त चालवता आलं. दुसरं अनेकांच्या लक्षात येत नाही. सेक्टरवार नक्कल म्हणजे रिकाम्या सेक्टरांचीही नक्कल. एसएसडीच्या दृष्टीने तिच्यावर सगळीकडे काहीतरी लिहिलेलं आहे, रिकामी जागा शून्य, आणि अशी एसएसडी पुढे लिहिताना धापा टाकते. विंडोजच्या ऑप्टिमाइझमध्ये जाऊन दोन्ही कप्प्यांवर एकदा ते चालवलं की कुठली जागा खरोखर रिकामी हे विंडोज तिला कळवते. याला ट्रिम म्हणतात. त्याच खिडकीत डिस्कचा प्रकार ‘सॉलिड स्टेट’ दिसतोय ना, हेही बघून घ्यावं, नाहीतर विंडोज जुन्या सवयीने डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचं काम, करत बसायची.

जे बदललं नाही तेही सांगायला हवं. प्रोसेसर तोच, त्याला टर्बो (गरजेला वाढणारा वेग) नाही, १.७ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. मोठ्या फ्लेक्सची पीडीएफ काढायला आधी जेवढा वेळ लागायचा, साधारण तेवढाच लागतो. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की ४ जीबी रॅम पूर्वीसारखीच भरायची. ते रॅम घातल्यावर सुधारलं. मामांची तक्रार मात्र तिसरीच निघाली. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "अरे, आवाजच येत नाही. आधी कुरकुर यायची म्हणजे कळायचं काम करतोय. आता चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं."

एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करावा का, हे मामेभावाने मला गाडीत बसताना विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, ती आठव्यापासून सुरू होते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वाढीव मुदत घेतली तर घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मी मामांना सांगितलं, बँकेचं, पैशाचं काही या लॅपटॉपवर करायचं नाही, त्यासाठी फोन आहे. फाइली आणायच्या-द्यायच्या एवढ्यापुरतंच इंटरनेट. यावर ते म्हणाले, "मी तसंही कुठे करतोय?" खरं तर त्यांना नवा लॅपटॉप घ्यायला माझी हरकत नव्हती. पण नव्या लॅपटॉपवर पेजमेकर, ते फॉन्ट आणि तो कीबोर्ड पुन्हा बसवणं हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला असता. आणि त्या सुमारास, मतदानाला पंधरा दिवस असताना, त्याला हात घालायची कुणाचीच तयारी नव्हती.

प्रतिमा-फाइल मी महिनाभर बाहेरच्या डिस्कवर तशीच ठेवली. नंतर तिच्यातून फॉन्ट्सचं फोल्डर आणि कीबोर्डची मांडणी वेगळी काढली. फॉन्ट सगळे मिळून १५० एमबीसुद्धा नाहीत. ते एका पेनड्राइव्हवर, मामेभावाच्या गुगल ड्राइव्हवर आणि माझ्याकडे. डीमधली कामं मामा आता दर रविवारी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवतात, म्हणजे उतरवतात असं सांगतात. जुनी डिस्क मामेभावाला यूएसबीच्या डबीत घालून ‘बॅकअपला’ वापरायची होती. ती मी पुण्याला घेऊन आलो, नाहीतर तिच्यावरच बारशाचे फोटो गेले असते.

२०२५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, गणपती तीन आठवड्यांवर आलेले, तेव्हा मामांचा फोन. "तुझ्याकडे ती डिस्कची फाइल आहे का रे अजून?" विचारलं, का? तर २०१७ चं ते मंडळ, ज्याचं पावतीपुस्तक त्या ६०८ केबींत गेलं होतं, ते फुटून दोन मंडळं झालेली. दोघांनाही पावती हवी होती ती जुनीच, त्याच मूषकाच्या चित्राची, कारण खरं मंडळ आपलंच असं दोघांचं म्हणणं. मी म्हटलं, मामा, ती फाइल कुठेच नाही. मामांनी एका गटाकडून जुनी छापील पावती मागवली, ती समोर ठेवून रात्री बसून पुन्हा लावली, आणि दोन्ही गटांकडून डिझाइनचे वेगवेगळे पैसे घेतले.